काटकसरीचं अवाढव्य शरीर

निळ्या देवमाशाचं हृदय मोटारगाडीएवढं असतं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकापासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे सांगितली जाते. २०१४ मध्ये कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ बर्फात अडकून नऊ निळे देवमासे मेले आणि त्यांतले काही किनाऱ्याला लागले. टोरांटोच्या रॉयल ऑन्टारिओ म्युझियमच्या मंडळींनी त्यातल्या एकाच्या कुजत चाललेल्या देहातून हृदय बाहेर काढलं. ते जर्मनीला पाठवून, त्यातलं पाणी आणि चरबी काढून त्यांच्या जागी प्लास्टिक भरून टिकाऊ केलं आणि २०१७ मध्ये लोकांसमोर मांडलं. वजन भरलं सुमारे १८० किलो. म्हणजे मोटारगाडी दूरच राहिली, एका बुलेटएवढं. जवळजवळ २४ मीटर लांबीच्या प्राण्याचं हे हृदय होतं. शरीराच्या वजनाशी ताडून पाहिलं तर ते माणसाच्या हृदयापेक्षाही लहान निघतं.

या प्राण्याबद्दल लिहिताना बहुतेकांची लेखणी आकारापाशीच अडकते. लांबी ३० मीटरपर्यंत, वजन दीडशे टनांच्या वर, अंटार्क्टिकातल्या माद्या सगळ्यांत मोठ्या, डायनोसॉरही फिके. हे सगळं खरंच आहे. पण एवढं शरीर पोसायला परवडतं कसं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत देवमाशांच्या पाठीवर चिकटवलेल्या यंत्रांमधून, समुद्रात सोडलेल्या ध्वनिग्राहकांमधून आणि किनाऱ्याला लागलेल्या देहांच्या विच्छेदनातून जी माहिती हाती आली, ती एकत्र ठेवली की एकच सूत्र दिसतं. हा प्राणी ऊर्जेच्या बाबतीत कमालीचा हिशेबी आहे. त्याचा अवाढव्यपणा हा त्या हिशेबाचाच भाग आहे.

समुद्रात अन्न भरपूर आहे, पण ते सारखं पसरलेलं नाही. तळाचं थंड, खनिजयुक्त पाणी जिथे वर येतं, तिथे काही आठवडे किंवा महिने सूक्ष्म वनस्पती फोफावतात. त्यांच्यावर क्रिल या छोट्या जिवांचे थवे जगतात. बाकीचा समुद्र हजारो किलोमीटर जवळपास उपाशीच. अशा ठिकाणी लहान प्राण्याची पंचाईत होते, कारण त्याची दर किलोमागची रोजची गरज मोठी आणि साठवायला जागा थोडी. शरीर जसजसं वाढतं, तशी दर किलोमागची गरज कमी होत जाते, चरबीचा साठा वाढतो आणि लांबचा पल्ला स्वस्तात पडतो. सुगीत भरपेट खायचं आणि पुढच्या सुगीच्या जागेपर्यंत साठ्यावर पोहत जायचं, हा व्यवहार मोठ्या शरीरालाच जमतो.

पाण्याने या शरीराला एक मोठी सूट दिली आहे. वजन पेलायला पाय लागत नाहीत. हाडं सच्छिद्र आणि तेलाने भरलेली आहेत. मागचे पाय जाऊन कमरेत हाडाचे दोन सुटे अवशेष राहिले आहेत, पुढच्या पायांचे लांबट पर झाले आहेत. माशांची शेपटी डावी-उजवीकडे हलते, याची वर-खाली. धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा जसा वर-खाली वाकतो, तीच हालचाल पाण्यात चालू राहिली आहे. प्रवासात ताशी वीसेक किलोमीटर आणि घाईच्या वेळी तिसाच्या वर असा वेग तो गाठतो. दातांचा मात्र पत्ता नाही. वरच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूने तीनशेच्या आसपास काळे, सुमारे मीटरभर लांबीचे पट्टे लोंबतात. ते आपल्या नखांच्या द्रव्याचे, म्हणजे केरॅटिनचे असतात. त्यांना बॅलीन म्हणतात. आतल्या कडेला ते झिजून त्यांचे तंतू सुटे होतात आणि एकमेकांत गुंतून त्यांची गाळणी तयार होते.

ही गाळणी वापरण्याची रीत पाहण्यासारखी आहे.

क्रिल म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा, दोन-चार ते सहा सेंटिमीटरचा जीव. आपल्या बाजारातल्या जवळ्याशी त्याचा जवळचा संबंध नाही, पण रूप साधारण तसंच. दिवसा तो अंधारात, शंभर-दोनशे मीटर किंवा त्याहून खाली दाटीवाटीने राहतो आणि रात्री वर येऊन विखुरतो. देवमाशाला दाटी हवी असते, म्हणून तो मुख्यतः दिवसा बुडी मारतो. थव्याजवळ आल्यावर शेपटीचे जोरकस फटके मारून वेग घेतो आणि जबडा जवळपास काटकोनात उघडतो. समोरचं पाणी आत घुसतं. हनुवटीपासून बेंबीपर्यंत गळ्यावर साठ ते नव्वदच्या दरम्यान लांब घड्या असतात. त्या उलगडतात आणि गळा फुगत जातो. एरवी तोंड भरून टाकणारी जीभ उलटी होऊन मागे पोटाच्या कातडीखालच्या पोकळीत सपाट पसरते. काही सेकंदांत देवमासा स्वतःच्या वजनाएवढं, कधी त्याहूनही जास्त पाणी तोंडात घेतो. उघड्या जबड्याच्या अडथळ्याने त्याची गती जवळजवळ थांबते. मग जबडा मिटतो, गळ्याचे स्नायू आकसतात, पाणी बॅलीनमधून बाहेर जातं आणि क्रिल आत राहतो. गाळायला अर्धा मिनिट किंवा जास्त वेळ लागतो. एका बुडीत असे चार-सहा घास होतात.

हे सगळं घडवून आणणारी यंत्रणा अलीकडे कळू लागली आहे. २०१२ मध्ये निकोलस पायन्सन आणि सहकाऱ्यांनी गळ्यावर अशा घड्या असणाऱ्या देवमाशांच्या खालच्या जबड्याच्या टोकाशी, जिथे दोन्ही हाडं एकमेकांना न जुळता लवचिक सांध्याने मिळतात तिथे, मज्जातंतूंनी भरलेलं एक ज्ञानेंद्रिय असल्याचं दाखवलं. जबडा किती उघडला आणि गळा किती ताणला, याची खबर ते मेंदूला देत असावं. एवढा मोठा झटका बसतो तेव्हा तोंडाच्या तळातल्या नसा तुटत का नाहीत, याचं उत्तर २०१५ मध्ये मिळालं. नस एका लवचिक वेष्टणात सैल, नागमोडी ठेवलेली असते. ती दुपटीहून जास्त लांब होते आणि पुन्हा पहिल्यासारखी होते. २०२२ मध्ये टाळूच्या मागे स्नायू आणि चरबीचा एक मांसल बोळा सापडला. देवमासा घास घेतो तेव्हा तो घशाची वाट बंद करतो, म्हणून प्रचंड दाबाचं पाणी फुप्फुसात शिरत नाही. यातले शेवटचे दोन शोध निळ्या देवमाशाच्या सख्ख्या भावावर, फिन देवमाशावर झाले. दोघांची खाण्याची रीत एकच, म्हणून निष्कर्ष निळ्यालाही लागू धरतात. निळ्या देवमाशाचं ताजं शरीर विच्छेदनाला क्वचितच मिळतं, हे इथे लक्षात ठेवलेलं बरं.

या घासाचा हिशेब जेरेमी गोल्डबोगेन यांच्या गटाने २०११ मध्ये मांडला. क्रिल दाट असेल तर एका बुडीत मिळणारी ऊर्जा खर्चाच्या ९० पटींपर्यंत जाते. क्रिल विरळ असेल तर हा आकडा धाडकन खाली येतो. पुढे एलियट हेझन आणि सहकाऱ्यांना कॅलिफोर्नियाच्या समुद्रात दिसलं की देवमासा हे जाणून वागतो. थवा विरळ असला की घास कमी घेतो आणि प्राणवायू वाचवतो, थवा दाट असला की प्राणवायूची पर्वा न करता घासामागून घास घेतो. थव्याच्या खालून, कुशीवर वळून, कधी तर पूर्ण गिरकी घेऊन तो तोंड उघडतो. काही देवमासे खोल पाण्यात उजवीकडे वळणं पसंत करतात आणि पृष्ठभागाजवळ डावीकडे.

तो दिवसाला खातो किती? जुन्या पुस्तकांत चार-पाच टनांचे आकडे असतात. ते बरेचसे मेलेल्या देवमाशांच्या पोटातून आणि गणिती अंदाजांतून आले होते. २०२१ मध्ये मॅथ्यू सॅव्होका आणि सहकाऱ्यांनी शेकडो देवमाशांवर बसवलेली यंत्रं, ड्रोनची छायाचित्रं आणि क्रिलच्या घनतेची ध्वनिमापनं जुळवून पूर्व पॅसिफिकमधल्या निळ्या देवमाशासाठी चराईच्या दिवसाला सुमारे १६ टन असा आकडा काढला. आधीच्या अंदाजांच्या तिप्पट. हे रोज वर्षभर नाही, सुगीच्या दिवसांतलं आहे. जेवढं खातो त्यातलं पुष्कळसं लोह तो विष्ठेतून पृष्ठभागावर परत टाकतो. दक्षिण महासागरात लोहाचाच तुटवडा असल्याने वनस्पतींना ते खत ठरतं आणि वनस्पती वाढल्या की क्रिल वाढतो. देवमासे मारले तर क्रिल वाढेल अशी शिकारीच्या काळातली अटकळ होती. ती फसली, त्यामागचं एक कारण हेच असावं असं मानतात.

आता श्वास. एवढ्या शरीराचा प्राणी खोल पाण्यात अर्धा-पाऊण तास राहायला हवा, असं गणित सांगतं. प्रत्यक्षात त्याच्या चराईच्या बुड्या बहुधा दहा मिनिटांच्या आसपासच असतात, कारण उघड्या जबड्याने पाणी ढकलणं फार महाग पडतं. प्राणवायूचा बहुतेक साठा फुप्फुसात नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये आणि स्नायूंमधल्या मायोग्लोबिनमध्ये असतो, त्यामुळे देवमाशांचं मांस काळपट दिसतं. खोल जाताना दाबाने फुप्फुसं मिटत जातात आणि हवा अशा भागात ढकलली जाते जिथून ती रक्तात शिरत नाही. त्यामुळे पाणबुड्यांना छळणारा नायट्रोजनचा त्रास कमी होतो. वर आल्यावर दोन नाकपुड्यांतून फवारा उडतो, नऊ-दहा मीटर उंच. त्या एका श्वासात फुप्फुसातली ८० ते ९० टक्के हवा बदलते. आपण स्वस्थ बसलेलो असताना जेमतेम दहा-पंधरा टक्के बदलतो.

हृदयाचं काम पाहायला २०१९ पर्यंत थांबावं लागलं. गोल्डबोगेन यांच्याच गटाने कॅलिफोर्नियाच्या माँटेरी उपसागरात एका नराच्या डाव्या पराजवळ चार सक्शन कपांनी एक यंत्र चिकटवलं. होडीतून लांब काठीने हे यंत्र चिकटवायचं, त्यातले विद्युतअग्र हृदयाच्या जवळ पडायला हवेत, आणि देवमासा तर पोहतोय. साडेआठ तास ते टिकलं. पाण्याखाली हृदयाचे ठोके मिनिटाला चार ते आठ, कधी फक्त दोन. वर आल्यावर श्वास घेताना पंचवीस ते सदतीस. दोन ठोक्यांमध्ये अर्धा मिनिट जात असेल तर रक्त वाहतं कसं? महाधमनीची कमान मोठी आणि फार लवचिक असते. ठोक्याबरोबर ती फुगते आणि मग सावकाश आकसत रक्त पुढे सोडत राहते. वरच्या टोकाला सदतीस हा आकडाही बोलका आहे. एवढ्या मोठ्या हृदयाला त्याहून वेगाने भरणं-रिकामं होणं बहुधा शक्य नाही. याहून मोठा प्राणी का झाला नाही, याच्या उत्तरांपैकी हे एक.

थंडी, मीठ आणि अंधार यांचा बंदोबस्त थोडक्यात सांगतो. मोठ्या शरीराला आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग कमी, वरून चरबीचा जाड थर, पर आणि शेपटीत उष्ण-थंड रक्तवाहिन्या शेजारी-शेजारी, त्यामुळे उष्णता टिकते. खरं तर एवढ्या शरीराला उष्णता टिकवण्यापेक्षा ती बाहेर टाकणं अवघड जात असावं. क्रिल समुद्राइतकाच खारट, म्हणून मूत्रपिंडं पुष्कळ छोट्या खंडांची आणि जोरकस. डोळ्यांतल्या निळा रंग ओळखणाऱ्या पेशी सगळ्याच देवमाशांनी पूर्वीच गमावल्या आहेत. अंधारात उजेड टिपणाऱ्या पेशी मात्र निळसर प्रकाशाला जुळवून घेतलेल्या आहेत. निळा देवमासा स्वतःही फारसा निळा नसतो. अंगावर राखाडी ठिपके असतात, पाण्यातून पाहिलं की तो निळा भासतो. त्या ठिपक्यांवरूनच संशोधक एकेक देवमासा ओळखतात.

हिशेबीपणाची सगळ्यांत कठीण परीक्षा आईची असते. दहा-बारा महिन्यांच्या गर्भारपणानंतर सात-आठ मीटर लांबीचं, अडीच-तीन टनांचं पिल्लू जन्मतं. दुधात चरबी ३५ ते ५० टक्के, तेही दिवसाला दोनशे लिटरच्या आसपास. पिल्लू रोज सुमारे ९० किलोने वाढतं आणि सहा-आठ महिन्यांत सोळा मीटरच्या घरात पोचून दूध सोडतं. या काळातला बराच भाग आई चराईच्या भागापासून दूर, जवळपास उपाशी असते. सुगीत साठवलेली चरबी ती दुधात ओतत असते. म्हणून दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू. सुगी बिघडली की आधी ते पिल्लूच राहून जातं.

एवढा पसरलेला समुद्र आणि एकमेकांपासून शेकडो किलोमीटर लांब असलेले मोजके प्राणी. जोडीदाराला शोधायचं कसं? इथे आवाज उपयोगी पडतो. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि आवाज जितका खर्जातला, तितका तो कमी विरतो. निळ्या देवमाशाची हाक साधारण १० ते ४० हर्ट्झच्या दरम्यान असते. तिचा खालचा भाग माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. तिची तीव्रता १८८ डेसिबलपर्यंत मोजली गेली आहे. इथे हटकून 'विमानाच्या इंजिनापेक्षा मोठा आवाज' असं लिहिलं जातं. ते चुकीचं आहे, कारण पाण्यातल्या डेसिबलची मोजपट्टी हवेतल्यापेक्षा वेगळी आहे. तरीही ती हाक शेकडो किलोमीटर जाते हे नक्की. शीतयुद्ध संपल्यावर अमेरिकी नौदलाने पाणबुड्यांचा माग काढायला समुद्रात टाकलेले ध्वनिग्राहक संशोधकांना वापरू दिले. तेव्हा १९९३ मध्ये अटलांटिकमधल्या एकाच निळ्या देवमाशाचा त्याच्या आवाजावरून चाळीसहून जास्त दिवस माग ठेवता आला.

हा आवाज निघतो कसा, हे २०२४ मध्ये कोएन एलेमन्स यांच्या गटाने दाखवलं. देवमाशांच्या स्वरयंत्रात इंग्रजी यू आकाराची एक मोठी कूर्चा असते आणि तिच्यासमोर चरबीची गादी. कूर्चा गादीवर दाबली जाते, मधून हवा जाते आणि गादी थरथरते. पाणी न गिळता, हवा बाहेर न सोडता हे चालतं. हा प्रयोग निळ्या देवमाशाच्या नातलगांच्या स्वरयंत्रांवर झाला. त्यातून एक मर्यादाही दिसली. या पद्धतीने शंभरेक मीटरपेक्षा फार खाली आवाज काढता येत नाही आणि तो तीनशे हर्ट्झच्या खालीच राहतो. जहाजांच्या पंख्यांचा गोंगाटही त्याच पट्ट्यात असतो.

गाण्यांवरून कळपही ओळखता येतात आणि इथे हा विषय आपल्या दारात येतो. उत्तर हिंदी महासागरात बुटक्या निळ्या देवमाशांची एक वस्ती आहे. 'बुटका' म्हणजे तरी वीस मीटरच्या वर. जगातल्या बहुतेक निळ्या देवमाशांचा रिवाज म्हणजे उन्हाळ्यात ध्रुवाकडे जाऊन चरायचं आणि हिवाळ्यात उष्ण पाण्यात यायचं. हे मात्र वर्षभर उष्ण कटिबंधातच राहतात. याचं कारण मान्सून. नैऋत्य वारे सोमालिया, ओमान आणि केरळच्या किनाऱ्यांवर तळाचं पाणी वर आणतात. ध्रुवावर जे होतं ते इथे वारा करतो. श्रीलंकेच्या आशा डी व्होस यांनी या देवमाशांचा पाठपुरावा केला. श्रीलंकेजवळ ते क्रिलऐवजी प्रामुख्याने एका प्रकारची छोटी कोळंबी खातात, असं विष्ठेच्या तपासणीत दिसलं. ही कोळंबी सर्जेस्टिड कुळातली. आपला जवळाही त्याच कुळातला. म्हणजे तिथे हा प्राणी साधारण आपल्या सुकटीच्या नातलगांवर जगतो.

२०२० मध्ये ओमानच्या किनाऱ्यावर एक वेगळंच गाणं सापडल्याचं जाहीर झालं, श्रीलंकेच्या गाण्याशी न जुळणारं. म्हणजे अरबी समुद्राच्या पश्चिमेला या देवमाशांची वेगळी वस्ती असावी. त्यानंतर वर्षभरात दिव्या पणिकर आणि सहकाऱ्यांनी लक्षद्वीपच्या कवरत्तीजवळ बसवलेल्या ध्वनिग्राहकांत निळ्या देवमाशांची गाणी टिपल्याचं प्रसिद्ध केलं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २०१५ मध्ये सिंधुदुर्गातल्या कुणकेश्वरजवळ निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली, तेव्हा बातम्यांत 'शंभर वर्षांनी' असे शब्द होते. मला वाटतं, देवमासे शंभर वर्षं गेले नव्हते. त्यांना पाहायला होडी घेऊन कोणी जात नव्हतं. (देवमाशाच्या 'उलटी'च्या तस्करीच्या बातम्या कोकणातून अधूनमधून येतात. ती उलटी या प्राण्याची नसते. ती दात असलेल्या स्पर्म देवमाशाच्या आतड्यात तयार होते.)

हे शरीर किती जुनं? देवमाशांचे पूर्वज सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी भारतीय उपखंडाच्या कडेला उथळ समुद्रात उतरले. जम्मूच्या कालाकोट भागात सापडलेला, सशाहून मोठा खुरांचा इंडोह्यस हा त्यांचा जवळचा नातेवाईक ठरला. कच्छमध्ये अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी १९७५ मध्ये आदिम देवमाशांचे अवशेष वर्णन करून प्रसिद्ध केले. आजच्या प्राण्यांत त्यांचा जवळचा जिवंत नातलग पाणघोडा. पण आकार? २०१७ मध्ये ग्रॅहॅम स्लेटर आणि सहकाऱ्यांनी जीवाश्मांची मापं जुळवली तेव्हा दिसलं की दहा मीटरहून मोठे बॅलीन देवमासे गेल्या साधारण तीस लाख वर्षांतच सर्रास झाले. उत्तर गोलार्धात हिमयुगांची सुरुवात झाली, तापमानातला फरक वाढला, अन्न ठरावीक जागी, ठरावीक ऋतूत, पण दाटीवाटीने मिळू लागलं. याच अन्नव्यवस्थेने लहान बॅलीन देवमाशांना मागे टाकलं आणि अजस्रांना पुढे केलं. देवमाशांच्या पाच कोटी वर्षांच्या इतिहासात हा आकार अगदी शेवटच्या प्रकरणातला आहे. एका विशिष्ट समुद्रासाठी घडलेला.

त्या समुद्राबाहेर तो किती निकामी ठरतो, हे जून २०१५ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर दिसलं. निळा देवमासा म्हणून नोंद झालेला सुमारे ४२ फुटांचा प्राणी जिवंतच वाळूत रुतला. लोकांनी आणि वनखात्याने प्रयत्न केले, पण तो वाचला नाही. पाण्याने ज्या वजनाची सूट दिली होती, ते सगळं वजन जमिनीवर छातीवर येतं आणि श्वास घेणंच कठीण होतं. उष्णता टिकवणारी चरबी अंगाला भाजून काढते. किनाऱ्यावर लागलेल्या मोठ्या देवमाशाला परत ढकलून वाचवणं फार क्वचित साधतं, ते याच कारणांनी.

माणसाच्या बाबतीतही त्याची हुशारी तोकडी पडली. वेग आणि मेल्यावर बुडणारं शरीर, या दोन गोष्टींनी त्याला वल्ह्यांच्या होड्यांपासून शेकडो वर्षं वाचवलं. १८६० च्या दशकात नॉर्वेच्या स्वेन्ड फॉइन याने वाफेच्या बोटीवर स्फोटक भाला बसवला आणि मेलेल्या देवमाशात हवा भरून त्याला तरंगत ठेवण्याची युक्ती रूढ झाली. दोन्ही बचाव संपले. १९३०-३१ च्या एका हंगामात अंटार्क्टिकात २९ हजारांवर निळे देवमासे मारले गेले. १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनने संरक्षण दिलं, तेव्हा अडीच लाखांच्या घरातली अंटार्क्टिक वस्ती काहीशेवर आली होती. अरबी समुद्रातही सोव्हिएत जहाजांनी १९६३ ते १९६७ च्या दरम्यान सुमारे तेराशे निळे देवमासे मारले. त्यांतली बरीच शिकार कागदावर आली नव्हती, सोव्हिएत संघ मोडल्यावर नोंदी बाहेर आल्या. आज जगभरात दहा ते पंचवीस हजार असावेत, असा अंदाज आहे. इतक्या सावकाश पिल्लं होणाऱ्या प्राण्याची वस्ती पन्नास वर्षांत पूर्ववत होणं शक्य नव्हतं.

आता भाल्याची जागा जहाजांनी घेतली आहे. लॉस एंजेलिस बंदराच्या वाटेवर यंत्रं लावलेल्या निळ्या देवमाशांवर लक्ष ठेवलं, तेव्हा दिसलं की समोरून जहाज आलं की देवमासा बाजूला सरत नाही. सावकाश, उथळ बुडी मारतो आणि तीही पुरेशी खोल नसते. लाखो वर्षं एवढ्या आकाराच्या प्राण्यावर वरून काही येऊन आदळलंच नव्हतं, तर पळायची सवय लागणार कुठून? २००७ मध्ये सांता बार्बराजवळ अशाच धडकेत मेलेल्या एका बारा वर्षांच्या नराच्या कानातून २५ सेंटिमीटर लांबीचा मळाचा गोळा निघाला. देवमाशाच्या कानात मेणाचे थर वर्षानुवर्षं साचत जातात आणि बाहेर पडत नाहीत, म्हणून त्यावरून वय कळतं. २०१३ मध्ये त्या थरांचं रासायनिक विश्लेषण झालं. त्यात वयात येतानाचं संप्रेरक दिसलं, तणावाचं संप्रेरक दिसलं, पारा दिसला आणि पहिल्याच सहा महिन्यांच्या थरात कीटकनाशकं दिसली. ती आईच्या दुधातून आली असणार. चरबीत साठवण्याचा तोच गुण इथे विष पुढच्या पिढीला देतो.

आणखी एक अडचण आठवणीची आहे. २०१९ मध्ये ब्रायना अब्राह्म्स आणि सहकाऱ्यांनी पॅसिफिकमधल्या निळ्या देवमाशांचे दहा वर्षांचे उपग्रह-माग तपासले. देवमासे त्या वर्षीची सुगी कुठे आहे यापेक्षा गेल्या अनेक वर्षांची सरासरी सुगी कुठे, कधी येते, त्याप्रमाणे प्रवास करत होते. ऋतू भरवशाचे असतात तोवर ही उत्तम काटकसर आहे, शोधाशोधीत ऊर्जा जात नाही. समुद्र तापतोय, पाणी वर येण्याचे दिवस सरकताहेत, तेव्हा याच आठवणीवर विसंबून ते रिकाम्या जागी पोचू शकतात. त्यांच्या गाण्यांचा सूरही १९६० च्या दशकापासून जगभर खाली उतरत चालला आहे, कॅलिफोर्नियात सुमारे ३१ टक्क्यांनी. कारणांबद्दल संशोधकांत एकमत नाही. शिकार थांबल्यावर गर्दी वाढली म्हणून ओरडायची गरज उरली नाही, असंही म्हणतात.

जहाजांच्या बाबतीत निदान करण्यासारखं काही आहे. कॅलिफोर्नियात २०१४ पासून जहाज कंपन्यांना देवमाशांच्या हंगामात वेग दहा नॉटच्या आसपास आणायला सांगणारी ऐच्छिक योजना चालू आहे. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, डोंड्रा हेडजवळून जगातला एक सर्वाधिक गर्दीचा जहाजमार्ग जातो, नेमका निळ्या देवमाशांच्या चराईच्या जागेतून. तो साधारण पंधरा सागरी मैल दक्षिणेला नेला तर धडकेचा धोका खूप कमी होतो, असं अभ्यास सांगतात. २०२२ मध्ये एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने आपली जहाजं अधिक दक्षिणेकडून नेण्याचा निर्णय स्वतःहून घेतला. वळसा थोडाच पडतो.